मरळ वगळून

कल्याणी : तुमच्या करारातलं चौथं कलम मी दोनदा वाचलं, राकेश. ‘तपासणी फक्त कटला आणि रोहू या माशांची.’ हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

राकेश : लीगलच्या, मॅडम. बाकी सगळं तुमच्या मनासारखं आहे ना? तीन वर्षांचा पूर्ण खर्च. पारा, शिसं, कीटकनाशकं, जे तपासायचं ते तपासा. आमचा कॅम्पस तळ्याच्या काठावर आहे, कंपनीला खरंच काहीतरी करायचंय.

कल्याणी : तुमचा कॅम्पस झाला त्याच्या आधीपासून मी या तळ्यातले मासे तपासतेय. मार्चमध्ये सरकारी अनुदान संपलं. यापुढे आवश्यकता वाटत नाही, असं कळवलंय. मासेही निवृत्त झाले असावेत.

राकेश : म्हणून तर मी आलोय. प्लीज, सही करा. नाहीतर लॅब बंद पडेल, असं तुम्हीच फोनवर म्हणालात.

कल्याणी : म्हणाले. आणि यावर सही करणार नाही, असं आत्ता म्हणतेय. या सुशीलाबाई, आत या. हे राकेश, तळ्याकाठच्या आयटी कंपनीतले. राकेश, या तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमन.

सुशीलाबाई : काचंच्या बिल्डिंगीतलं व्हय? उनात डोळं दिपत्यात आमचं. बाई, ह्यो डबा घ्या आदी. स्वारगेटपातूर उभ्यानं आले, बर्फ समदा इरगळला. मरळ हाय, मोठी.

कल्याणी : मी मागवली नव्हती.

सुशीलाबाई : म्याच आणली. सून बाळंत झालीया परवा, दुसऱ्या खेपंला. आमच्यात बाळंतिणीला मरळीचा रस्सा देत्यात, अंगात ताकद याया. पर औंदा पान्याला वास मारतोय. म्हनलं, आदी तुमास्नी इचारावं. देऊ का नगं?

कल्याणी : आत्ता सांगता येत नाही.

सुशीलाबाई : मशीन बिघाडलं?

कल्याणी : मशीन ठणठणीत आहे. तपासायला लागणारी रसायनं संपलीत आणि नवी घ्यायला पैसे नाहीत. हे पैसे घेऊन आलेत, पण मरळ वगळून.

राकेश : मॅडम, मला मरळ वगैरे माहीतच नव्हती. कटला, रोहू मार्केटमध्ये जास्त विकला जातो, म्हणून घेतला असेल. मासा तो मासाच ना?

कल्याणी : कटला-रोहूचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, पावसाळ्यात सोडतात आणि उन्हाळ्यात मासा काढून विकतात. वर्षभरसुद्धा तो तळ्यात नसतो. मरळ तिथंच जन्मते, वर्षानुवर्षं राहते आणि दुसरे मासे खाऊन जगते. पाण्यातला पारा शेवटी तिच्या अंगात साठतो. तुमच्या कलमाप्रमाणे गेलं तर अहवाल स्वच्छच येणार. तो मी आजच लिहून देते, तीन वर्षं कशाला थांबता?

राकेश : एक मिनिट. कंपनीच्या सीएसआर विभागात यायच्या आधी मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो. म्हणजे जिथं बग सापडण्याचा चान्स आहे, तेवढाच भाग आपण टेस्टिंगमधून काढून टाकतोय?

कल्याणी : तुमच्या भाषेत तसं.

राकेश : असं कुणी माझ्याकडे आणलं असतं तर मी रिलीजच थांबवला असता.

कल्याणी : मग थांबवा की.

राकेश : आमचे वरिष्ठ आहेत, अनंत सर, त्यांना पटवावं लागेल. ते म्हणतील, रिझल्ट वाईट आला तर कंपनीचं नाव खराब होईल.

कल्याणी : त्यांना सांगा, तळं तुम्ही यायच्या आधीपासून घाण होतंय. कारखाने, शेतं, गावाचे नाले, सगळ्यांनी हातभार लावलाय. मी फक्त आकडे देते. पण मरळीशिवाय माझी सही नाही. नाही म्हणाले तर मी दुसरीकडे जाईन. पुण्यात आता कंपन्यांची कमी नाही.

(राकेश फोन घेऊन बाहेर जातो. बऱ्याच वेळाने परत येतो.)

राकेश : मरळ घातली. पण तीन वर्षांचं एकच वर्ष झालं, मॅडम. सॉरी. आणि रिझल्ट आधी कंपनीला हवेत.

कल्याणी : एक वर्ष चालेल, पुढचं पुढे बघते. पण आधी नाही. तुम्हाला आणि सोसायटीला, एकाच दिवशी.

राकेश : ठीक आहे. लिहा तसं. सरांचं मी बघतो.

सुशीलाबाई : म्हंजी तपासनार?

कल्याणी : उद्या रसायनं आणते. आठवडाभर लागेल. तोवर सुनेला मरळ देऊ नका.

सुशीलाबाई : न्हाई देत. आन तवर सोसायटीत कुनाला मरळ इकूबी देत न्हाई.

राकेश : मावशी, तुमचं नुकसान होईल.

सुशीलाबाई : हुतंय की. चांगल्या भावानं जाती मरळ. हुंदे. पर बाई, वाईट निघालं तर घरी फोन करू नगा. म्या येते हितं ऐकाया.

कल्याणी : मीच येईन ना तुमच्याकडे. सुनेला नीट समजावून सांगेन.

सुशीलाबाई : नगं. पैल्या बाळंतपनात सव्वा महिना म्याच चारलीया तिला मरळ. माझ्या हातचं खाल्लंय तिनं, माझ्याच तोंडून ऐकू दे.