मालकाला विचारतो

आपल्या ट्रकचा मालक बी मीच आन् ड्रायव्हर बी मीच, हे तुमाला म्हाईत हाय. पण रस्त्यावरच्या मिस्त्रीला ते कधी सांगायचं नसतंय. ‘मालकाला विचारतो’ म्हणलं की घासाघीस सोपी जाती.

परवा करकंबवरनं टोमॅटो भरून निघालो आन् मोहोळच्या अलीकडं क्लच प्लेट गेली. ऊन डोक्यावर, माल नरम पडायला लागलेला. मिस्त्री गाडीखाली शिरला आन् बाहेर येऊन म्हणाला, “सगळा सेट बदलावा लागतोय.”

“मालकाला विचारतो.”

ट्रकच्या मागं गेलो, बंद फोन कानाला लावला आन् त्याला ऐकू जाईल असं वरडलो, “व्हय मालक... चुकलं मालक... आता शिव्या कशाला देताय, मालक!” परत येऊन सांगितलं, “नुसती प्लेट बदल म्हणतोय.”

त्यानं मुकाट्यानं प्लेट बदलली. हात पुसत म्हणाला, “तुमचा मालक लई वाईट हाय. सोडा त्याला. आमच्या दाजींना ड्रायव्हर पायजेच हाय.”

मला लई उत्सुकता लागली. विचारलं, “दाजी मालक म्हणून कसे हायत?”

“गाडी बंद पडली म्हणून फोन केला, की आधी इचारत्यात, जेवलास का?”

सकाळपासनं माझ्या पोटात नुसता चहा होता. गाडी घेतल्यापासनं माझ्या मालकानं मला हे एकदा बी इचारलं न्हाय, गड्यांनो.