डावं चाक फिरत नाही

...आणि वर हे शेजारीपाजारी मला विचारतात, "बंद करून परत चालू करून पाहिलं का?" अहो, पाहिलं! एकदा नाही, साठदा पाहिलं. छत्तीस वर्षं बँकेत काढली मी, तिथला सर्व्हर दिवसातून दोनदा झोपायचा, बंद करून चालू करण्यात माझी हयात गेली, आणि हे मला शिकवतायत. वीट आला, तुम्हाला सांगतो, वीट आला. त्या यंत्राचा तर आलाच, पण त्याच्याआधी माणसांचा आला.

म्हणजे झालं काय, रिटायर झालो, इथे इंदूरला घरात बसून माणूस करणार काय, तर एक छोटा रोबोट बनवायला घेतला. पिक्चरमधला नाही हो, हात नाहीत, तोंड नाही, दोन चाकं आणि वर एक ट्रे, किचनमधून निघायचं आणि हॉलमध्ये पाहुण्यासमोर चहा नेऊन उभं राहायचं, बस, इतकंच काम. पण ते डावं चाक! उजवं फिरतं, डावं फिरत नाही. आता एकच चाक फिरलं तर काय होणार? जागच्या जागी गोल गोल, गोल गोल, चहा अर्धा बशीत, अर्धा फरशीवर, आणि आमची कौसल्या, म्हणजे मिसेस, दारात उभी राहून म्हणते, "अहो, ह्याला चक्कर येतेय, लिंबूपाणी द्या."

तिला हसू येणारच, कारण तिचा डोळा माझ्या मागच्या खोलीवर. तिथे माझं टेबल आहे, सोल्डरिंग आहे, सगळा पसारा. आणि ती पण रिटायर झाली ना गेल्या वर्षी, आता पेटी शिकते. "हॉलमध्ये टीव्ही, किचनमध्ये मिक्सर, मी पेटी वाजवू कुठे, छतावर?" मग एक दिवस तिने फर्मान काढलं, "रविवारपर्यंत ते डावं चाक फिरलं नाही, तर टेबल कबाड्याला आणि खोली पेटीला." तुम्ही म्हणाल, बायका बोलतात असं. अहो भिया, भाऊ माझ्या, तिने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. तिची तारीख म्हणजे तारीख.

आता मी काही अडाणी नाही, पद्धतशीर गेलो. बॅटरी मोजली, बारा व्होल्ट, ठणठणीत. डावी मोटर काढून उजव्या बाजूला जोडली, फिरली. उजवी काढून डावीकडे जोडली, मख्ख. मतलब मोटरी दोन्ही चांगल्या, घोळ मधल्या त्या मोटर कंट्रोलरमध्ये. काडेपेटीएवढा बोर्ड असतो हो, वरून हुकूम येतो की पुढे जा, तो ऐकायचा आणि मोटरला करंट सोडायचा, इतकीच त्याची नोकरी. पण आमच्या ब्रँचला एक हेडक्लार्क होता ना, साहेबाची सही झालेली फाईल घेऊन त्याच्यावर शांत बसून राहायचा, अगदी तसा. वरून हुकूम येतोय, खाली चाक हलत नाही.

आणि घरात काही बिघडलं हे मोहल्ल्याला कसं कळतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जयेश हजर. मोबाईल दुरुस्त करतो कोपऱ्यावर. "अरे अंकल, क्या टेंशन ले रिये हो, लूज कनेक्शन हे, तार हिलाओ." हलवली. "जोर से हिलाओ." जोरात हलवली. तार हातात आली. तो गेला तर जयसिंगराव आले, मिलमधले इलेक्ट्रिशियन, मिल बंद होऊन किती वर्षं झाली, हे अजून ड्यूटीवर. "धम्मपालजी, आमच्याकडे पन्नास हॉर्सपॉवरची मोटर होती, अडली की लाथ घालायची, चालू." अहो जयसिंगराव, हा काडेपेटीएवढा आहे, लाथ घालू कुठे? मग आमचे चिरंजीव ज्ञानदीप, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये, व्हिडिओवर येऊन सांगतात, "बाबा, कोडमध्ये प्रॉब्लेम असेल, लायब्ररी अपडेट करा." अरे, उजव्या चाकाला पण तोच कोड आहे, ते कसं फिरतं? "बाबा, मीटिंग आहे, ठेवतो." वीट आला हो, वीट आला.

सोमवारी जेल रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, नवा कंट्रोलर आणला. लावला. दोन्ही चाकं सुरू! दोन दिवस कसा सरळ चालला, बघत राहावं. बुधवारी परत डावं चाक बंद. दुकानदाराकडे गेलो तर तो माझ्याकडे असं बघतो, जसा तो बोर्ड मीच चावलाय. "अंकल, आपने कुछ तो किया होगा." काय केलं असणार मी? स्क्रू पिळले आणि चालवला. परत एक घेतला, गुरुवारी लावला, शनिवारी दुपारी तो पण गेला. तीन कंट्रोलर, आणि तिघांची डावी बाजूच आजारी. आणि मागच्या खोलीत कौसल्या टेप घेऊन पेटीसाठी जागा मोजतेय, तुम्हाला सांगतो, माझ्यासमोर.

मग तिचंच सुई ओवायचं भिंग घेतलं आणि बसलो. बघतो तर त्या चिपच्या पायांच्या मधे तपकिरी, ओलसर काहीतरी. म्हटलं जळालं. वास घेतला, जळका नाही. आता लोक म्हणतील म्हातारा वेडा झाला, पण मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. मग आंबट. आणि मग हळूच... जिरं.

जिरावण!

तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो, जिरावण म्हणजे आमचा मसाला, काळं मीठ, आमचूर, जिरं, पोह्यांवर वरून भुरभुरायचा. आणि इंदूरमध्ये सकाळी घरी आलेला माणूस पोह्यांशिवाय जातो का? जयेशने तार हलवली ती पोहे खात खात. जयसिंगराव तर, "अजून जरा जिरावण टाका हो," म्हणत त्या उघड्या बोर्डावरच डबी झटकत होते. आणि रोज सकाळी मी? मी पण त्याच टेबलावर, प्लेट डावीकडे ठेवून, कारण उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. मीठ पडलं, दमट हवेत ओलं झालं, आणि करंट जाऊ नये तिथून जायला लागला. ते तीन कंट्रोलर खराब निघाले नव्हते हो, आम्ही त्यांना नाश्ता घालत होतो. वीट आला, आणि या वेळी स्वतःचाच आला.

मग जुना टूथब्रश घेतला, स्पिरिटने चिपचा एकेक पाय घासला, कौसल्याच्या ड्रायरने सुकवला, वर प्लास्टिकचं झाकण बसवलं. बटण दाबलं. डावं चाक फिरलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी सगळे हॉलमध्ये. मी किचनमध्ये कप ठेवला आणि सोडला. निघाला, चपलांच्या स्टँडजवळून वळला आणि बरोबर कौसल्याच्या समोर जाऊन उभा, बशीत एक थेंब नाही. जयेशने टाळ्या वाजवल्या, जयसिंगराव म्हणाले, "लाथेशिवाय चालला, मानलं." कौसल्याने कप उचलला, एक घोट घेतला.

"छान झाला. पूर्ण झाला ना आता?"

मी छाती फुगवून म्हणालो, "एकदम पूर्ण. काही बाकी नाही."

"मग आता त्या टेबलावर करायचं काय राहिलं?"

मी जयसिंगरावांकडे पाहिलं, ते पोह्यांतली शेव निवडायला लागले. तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, तिचा हिशेब बरोबर निघाला.

तर आता मागच्या खोलीतून सकाळ-संध्याकाळ सा रे ग म येतं. माझा पसारा तीन डब्यांत भरून पलंगाखाली आहे. रोबोट एकदम फर्स्ट क्लास, चार वाजले की तिकडे चहा घेऊन जातो, दोन्ही चाकांवर, नाकासमोर. बिघडलेला होता तोपर्यंत खोली माझी होती हो... नीट मीच केला.