अमावस्या अँड पार्टीची कुस्ती

न्हाय, न्हाय, मला सांगा पावणं, पोराला रोज दोन शेर दूध पाजायचं, बदाम आपल्या हातानं घोटून त्याच्या नरड्यात वतायचं, पहाटं लाथ घालून उठवायचं, पाचशे जोर मारून घ्यायचं, अन् ईस वर्साचा झाल्यावर त्यानं तोंडाला पांढरी पावडर थापून, डोळ्यांत बचकभर काजळ घालून म्हणायचं, "आण्णा, मी उदास गाणी म्हणणार"! उदास! आवो, दोन शेर दूध पिऊन कोण उदास हुतंय व्हय?

तुमाला सांगतो, मी हंबीरराव, तालमीचा वस्ताद. पंचवीस वर्सांत माझी पाठ दोनदाच मातीला लागलीया, अन् त्यातली एक लबाडी हुती... त्यो पंच मेला आता, जाऊ द्या. अन् माझ्या पोटचा कृष्णात काय करतोय, तर "अमावस्या अँड पार्टी" काढतोय! अमावस्या! नारळ फोडायला कुणी अमावस्या बघतंय का? पार्टीत कोण कोण, तर शिंप्याचा गैबी. त्यो बाईचा झगा घालून, डोक्यात कोंबड्याची पिसं खवून, कंबर हलवत अकॉर्डियन वाजवतोय. त्याला म्हणं क्याबरे म्हणत्यात. अन् कुरुंदवाडचा बाबासो, उसाच्या कांडक्याएवढा जीव, त्यो काळी चादर पांघरून गाण्यातलं मरण हुतोय. व्हय, मरण! मागं दोघं गिटार अन् ड्रम बडवत्यात, पत्र्याच्या शेडावर माकडं नाचल्यागत. गाणं हाय का मयत हाय?

वरीसभर मी त्याच्याशी बोललो न्हाय. एकाच पंगतीला बसायचो, पण माझ्या बायकूच्या, पारूबाईच्या मारफत. "त्याला म्हणावं, भाकरी घे." त्यो तिकडनं, "आई, आण्णांना म्हणावं, घेतली." ती बिचारी मधी बसून नुसती माना हालवायची. शेवटी एक दिवस तिनं ताट आपटलं अन् म्हणाली, "तुमी दोघं बी घ्या नायतर बोंबलत बसा!"

अन् गणपती आलं. पलीकडच्या गल्लीनं मिरजंचा ऑर्केस्ट्रा ठरवला, झालं, आमच्या मंडळाचं अध्यक्ष भाऊसो दारात हजर. "वस्ताद, आपुन मागं ऱ्हायाचं व्हय? घरचीच पार्टी हाय की!" म्हटलं, त्यो माझ्या घरचा न्हाय. "मग कुणाच्या घरचा हाय?" आता ह्याला काय सांगायचं? पण मी बी मनात ठरवलं. म्हटलं, भाऊसो, हू द्या कार्यक्रम. कार्यक्रम झाला की माईक माझ्या हातात द्या. सगळ्या तालमीम्होरं सांगतो, आजपासनं ह्या पोराचा अन् माझा संबंध तुटला. भाऊसोचं तोंड उतरलं, पण वस्तादाला न्हाय कोण म्हणणार?

दिवस मावळायला मांडव गच्च. म्होरल्या रांगेत मी, हाताची घडी घालून. मागं सगळं पैलवान, कान मोडल्यालं, मांड्या ह्या एवढ्या. दिव्याला लाल कागद लावल्याला. कृष्णात आला, अन् सुरू झाला,

"ये रे मरणा, बस शेजारी,
चहा पितोस का, साखर भारी..."

गाणं हाय का मयत हाय? अन् मयताला चहा कोण पाजतंय? माझ्या कानातनं वाफा निघाल्या. मागनं कोण तरी म्हणतंय, "आवाज वस्तादावर गेलाय की!" माझ्यावर? मी गाणं म्हणतो व्हय रं?

आता शेवटचं गाणं. त्यात असं की मरण येतंय, माणूस त्याच्याशी झटतोय, अन् शेवटाला मरण त्याला अलगद निजवतंय. मग सगळं शांत, अन् लोकांनी म्हणं हुंदकं द्यायचं. आवो, पुण्यात देत असतील! इथं बसल्यालं कोण? बाबासोनं कृष्णाताची कंबर धरली, टांग घातली, पोरगं पाठीवर पडलं, अन् मागनं दोनशे पैलवान वरडलं, "चितऽऽपट!" तेवढ्यात दुसरी बाजू उठली, "कशाची चितपट? डावा खांदा वर हाय! निकाल न्हाय, परत लावा!" अन् खरंच वर हुता, पावणं! बोटभर वर! पंधरा वर्सं मी मातीत शिकवल्यालं अंगातनं जातंय व्हय? बाबासो वरनं दाबतोय, कृष्णात काजळ घातल्यालं डोळं मिटून मराय बघतोय, अन् खांदा काय टेकंना!

मी कवा उठलो, मला ठाव न्हाय. माझ्या तोंडातनं निघालं, "खांदा टेकू नगंस, कृष्णाऽऽत!" वरसानं बोललो त्याच्याशी, अन् काय बोललो बघा. पोरानं खाडकन डोळं उघडलं. तेवढ्यात हलगीवाल्यानं हलगी काढली, ड्रमवाला तिच्यात मिसळला, गैबी झगा वर धरून नाचाय लागला. मी स्टेजावर. "धर हात! घाल कंबर! धोबीऽऽ!" अन् पोरानं असा धोबीपछाड मारला की मरण गणपतीच्या म्होरं जाऊन पडलं. मांडव नुसता पेटला! फेटं उडालं! भाऊसो माझ्या हातात माईक कोंबतोय, "बोला वस्ताद, बोलणार हुता न्हवं?" काय बोलू? माईक तसाच परत दिला.

अन् त्यो कृष्णात! खूश व्हावं का न्हाय? काजळ गालावर आल्यालं, माझ्यावरच खेकसला, "आण्णा, सगळं गाणं मोडलंसा की! शेवटाला मी मरायचं असतंय!"

म्हटलं, "माझ्या डोळ्यांम्होरं मरायचं न्हाय."

त्यानं बाहीनं गालावरचं काजळ पुसलं.

पण बाबासोचा खांदा निखळल्याला. मीच बसवला, एका हिसक्यात, पण दीड म्हैना हात गळ्यात. अन् गारगोटी, आजरा, खेळ ठरल्यालं. आता मरण कोण हुणार? गैबीनं कृष्णाताला उचलून बघितला, तर त्याचीच कंबर धरली. दूध प्याल्यालं अंग ते! ऐंशी किलोच्या पोराला न लागता खाली घालणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात एकच, अन् त्याची बायको दारात उभी ऱ्हाऊन म्हणतीया, "जावा की, न्हायतर कुणी बी आपटंल माझ्या पोराला!"

गेलो. काय करतो? काळी चादर, तोंडाला पावडर, वस्ताद हंबीरराव. गाणं हाय का मयत हाय, आता कुणाला इचारू? परवा आजऱ्याला शेवटचं गाणं लागलं, पोराला उचलला, खाली निजवला, अन् फळी टणक दिसली म्हणून माझा हात आपसूक त्याच्या मानंखाली गेला. लोक हुंदकं द्यायच्या बेतात, अन् हा खालनं दात चावून, "आण्णा, हात काढा की! मरण असं धरतंय व्हय?"

म्हटलं, गप पड लेका. मिळालंय त्या मरणात भागीव.