राजाचा जबडा आणि डॉक्टरांची सही

सन्माननीय अध्यक्ष शैलेंद्रजी, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर गुणवंत, सौ. अनुराधावहिनी, आणि मागच्या दारातून येणारा मसालेभाताचा वास सोसत बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. शैलेंद्रजी, ते घड्याळ खिशात ठेवा. उम्म अल कुवैनच्या वाळूत बारा वर्षं ज्यांनी माझ्या शेळ्यांना औषधपाणी केलं, ते डॉक्टर परवा कायमचे सोलापूरला चाललेत, आणि मी पाच मिनिटांत उरकू?

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. मटणासाठीच्या बोअर जातीच्या शेळ्या पाळतो. सभागृहात शाकाहारी मंडळी बरीच दिसतायत, त्यांनी पुढचं डॉक्टरांच्या प्रेमाखातर ऐकून घ्यावं.

अठ्ठ्याण्णव साली माझ्याकडे राजा नावाचा बोकड आला, दक्षिण आफ्रिकेहून, विमानाने. तुमच्यापैकी निम्म्यांच्या अल्बममध्ये तो आहे, कारण मंडळाच्या पिकनिकला मी त्याला पिकअपमध्ये घालून आणला होता. डॉक्टरांच्या शर्वाणीने तेव्हा विचारलं, "अंकल, व्हाय इज ही ऑल्वेज स्मायलिंग?" मी म्हटलं, बेटा, राजा आहे तो, हसणारच. डॉक्टर हळूच म्हणाले, "बापू, तो हसत नाहीये. खालचा जबडा पुढे आलाय. हा दोष करडांत उतरतो." मी म्हटलं, खाणारा काय जबडा बघून मटण खातो?

पुढच्या वर्षी कळपाची वंशनोंदणी करायची ठरली. म्हणजे कुठल्या जनावराचे आईबाप कोण, जात अस्सल की नाही, हे परदेशातली एक संस्था लिहून ठेवते, आणि तिच्या दाखल्यावर पैदाशीची जनावरं विकली जातात. आमच्यापुढे अशा दोन संस्था होत्या. पहिलीचं काम घरबसल्या. फॉर्म भरा, फोटो लावा, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट पोस्टाने हजर. दुसरीचा तपासनीस स्वतः येणार, एकेकाचं तोंड उघडणार, पाय बघणार, सड मोजणार, मगच कानात नंबर गोंदणार. वर त्याचं तिकीट आपल्या डोक्यावर, अठराशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे एकवीस हजार रुपये. मी अर्थातच पहिलीचा फॉर्म भरला. त्यावर डॉक्टरांची सही लागत होती, आणि डॉक्टर सही करेनात. म्हणाले, "पहिली कागद तपासते, बापू. दुसरी बोकड तपासते." मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, यल्ला, चला, बोलवा तुमचा तपासनीस, माझा राजा पहिला येतो की नाही बघा.

तो डिसेंबरात आला. चाळीस शेळ्या पास झाल्या. राजाचं तोंड त्याने उघडलं, मिटलं, आणि मान हलवली. खलास. माझा अरब पार्टनर शेजारी उभा, शेळ्या राखणारा आमचा मोहिद्दीन राजाची दोरी धरून उभा, आणि मी खास बोलावलेले चार पाहुणे हातात खजूर घेऊन उभे. माझा नुसता संताप झाला.

आता जे सांगतो ते व्यासपीठावर दोघांनाच माहीत आहे. संध्याकाळी मी ऑफिसात फोन केला, डॉक्टरांचा व्हिसा कॅन्सल करा. शर्वाणीची दहावीची परीक्षा तीन महिन्यांवर होती, आणि व्हिसा गेला की सगळ्या घराला देश सोडावा लागतो, हे मला पुरतं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन्सलेशनचा कागद मी डॉक्टरांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, सही केली. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "बापू, राजाला गुरुवारी जंतांचं औषध द्यायचंय. मोहिद्दीनला सांगून ठेवा, तो विसरतो."

ज्या बोकडापायी नोकरी गेली, त्याच्या औषधाची यांना काळजी. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. तो कागद मी तिथेच फाडला. माफी मागितली का? नाही. चहा मागवला. डॉक्टर तो प्यायले आणि फार्मवर निघून गेले.

आज आमची करडं अल ऐनपासून मस्कतपर्यंत नांदतायत, एकाचंही तोंड वाकडं नाही. राजाही मजेत आहे. पैदाशीतून रिटायर, कलिंगडाच्या साली खाऊन माझ्याहून जाड झालाय.

गेल्या शुक्रवारी डॉक्टर सहकुटुंब आमच्याकडे जेवायला होते. आमच्या सौ. कमलिनीने पुरण वाढलं, तेवढ्यात अनुराधावहिनी म्हणाल्या, "बापूभाऊजी, तुमच्या आधारामुळे बारा वर्षं निर्धास्त गेली." मी डॉक्टरांकडे बघितलं. पाच वर्षांत या माणसाने घरीसुद्धा त्या कागदाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघायचं टाळलं, आपण सर्वांनी भात निवत असताना ऐकून घेतलं, सगळ्यांचा मनापासून आभारी आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल ते सभागृहाने पोटात घालावं. त्या कागदाचं मात्र तुम्ही पोटात घालू नका, ते वहिनींनी ठरवायचं. डॉक्टर, मी चुकलो होतो. वहिनी, तुमचाही मी अपराधी आहे. परवा विमानतळावर सोडायला गाडी मीच आणणार आहे. जे बोलायचं ते वाटेत बोला, चांगला पाऊण तास मिळेल, आणि मी गाडी हळू चालवीन.