दादांच्या आवाजाविषयी थोडंसं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या वर्कशॉपचे मॅनेजरसाहेब. वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे, इंजिन कंपनीचे इंजिनिअरसाहेब. आजचे सत्कारमूर्ती, आता निवृत्त होणारे आपणा सगळ्यांचे फोरमनदादा. त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या काकू (काकू, जरा मागे सरकून टेका, आज ती खुर्ची तुमचीच आहे). आणि समोर बसलेले फिटर, वेल्डर, रंगारी, क्रेनवाले, ऑफिसमधली मंडळी आणि घरून आलेली मुलंबाळं, सर्वांना माझा नमस्कार.

मी या वर्कशॉपची नर्स. सभेत बोलायची मला सवय नाही. मी एका वेळी एकाच माणसाशी बोलते, आणि तोही बहुतेक वेळा माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत असतो. त्यामुळे तुमच्यापैकी काही जणांचे चेहरे मला आज पहिल्यांदाच नीट दिसतायत. हात मात्र सगळ्यांचे ओळखते. गरम सायलेन्सरला टेकलेले, पाना निसटून सोललेले, पत्र्याने कापलेले. पहिल्या रांगेतले आमचे स्टोअरकीपर भाऊ दुसऱ्याचं बोट कापलेलं बघून चक्कर येऊन पडले होते आणि टाके त्यांनाच घालावे लागले, कपाळाला. हसा, हसा. त्यांनाही आता हसू येतं.

दादांविषयी बोलायचं म्हणजे त्यांच्या आवाजाविषयी बोलायला हवं. पाहुण्यांना आमची पद्धत ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्या टेस्ट शेडमध्ये दुरुस्त झालेलं इंजिन चालवून बघतात. इंजिन जाळीच्या आत आणि त्याचा स्टार्टर जाडजूड आडोशाच्या पलीकडे. स्टार्टरवर बसणाऱ्या माणसाला इंजिनापाशी कोण आहे, त्याचा हात कुठे आहे, काहीच दिसत नाही. म्हणून आत हात घालण्याआधी फिटर ओरडतो, "हात आऽऽत!" काम झालं की ओरडतो, "हात बाहेऽऽर!" ज्याने हात घातला, त्याच्याच आवाजात "बाहेर" ऐकू आलं पाहिजे, तरच बटण दाबायचं. शेजारच्याने सांगितलेलं चालत नाही. पूर्वी कधीतरी एकाने दुसऱ्याच्या वतीने "काढला, काढला" म्हटलं होतं आणि हात निघालेला नव्हता. तेव्हापासून दादांनी ही शिस्त लावली.

आणि दादांचा तो आवाज! आधी घसा खाकरायचा, मग "हात" झटकन आणि पुढचा शब्द लांबवर नेऊन सोडायचा. काकू मला म्हणाल्या होत्या, "अगं, घरी आंघोळीहून आले तरी असेच ओरडतात, झालीऽऽ." या वर्कशॉपमध्ये दादांची नक्कल केली नाही असा माणूस आहे का? मॅनेजरसाहेब, तुम्हीसुद्धा. मी ऐकलंय. ज्याच्यावर जीव असतो त्याचीच नक्कल करावीशी वाटते, असं मला वाटतं. निदान परवापर्यंत तरी वाटत होतं.

आता ज्या गोष्टीबद्दल आज कोणी बोललं नाही, तिच्याबद्दल बोलते. दादांच्या डाव्या हाताला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पट्टा किती ताणलाय ते ते चाचपून बघत होते. त्यांनी "हात आत" म्हटलं होतं. "बाहेर" म्हटलेलं नव्हतं. इंजिन सुरू झालं आणि पट्टा आणि पुलीच्या मधे त्यांची दोन बोटं गेली. पुढची पेरं परत आली नाहीत.

स्टार्टरवर आपल्या वहिनी होत्या. पाहुण्यांसाठी सांगते, त्यांचे यजमान इथे वेल्डर होते. डोळ्यांनी साथ सोडली म्हणून ते घरी बसले आणि वहिनी कामाला आल्या. सगळे वहिनी म्हणतात म्हणून मीही म्हणते. त्या आज मागे दाराशी उभ्या आहेत. वहिनी, मी तुमच्याबद्दल बोलणार आहे हे तुम्हाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही आला नसतात.

त्या दिवसापासून वहिनी एकच सांगतायत. "मी दादांचा आवाज ऐकला. हात बाहेर म्हणाले. मग दाबलं." आणि दादा म्हणाले, "मी म्हटलं नाही." दोघंही खोटं बोलणारी माणसं नाहीत. चौकशी झाली, ऐकण्यात चूक झाली असं ठरलं, कोणावर कारवाई करायची नाही असंही ठरलं. आता तर ओरडण्याच्या जोडीला जाळीला कुलूप आलंय, ते लागल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि त्याची किल्ली हात घालणाऱ्याच्याच खिशात राहते. साहेब, ते चांगलंच झालं. दादांनी स्वतः वहिनींच्या घरी जाऊन सांगितलं, "होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका." सगळे म्हणाले, काय मोठं मन! मीही म्हटलं.

पण त्या माफीनंतर वहिनी अशा झाल्या की मला ओळखू येईनात. घरात कोणी हाक मारली की त्या विचारतात, "तू खरंच बोललास ना?" दारावरची बेल वाजली की दुसऱ्यांदा वाजेपर्यंत उठत नाहीत. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशिनवर तपासून डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "ताई, त्या मशिनला काय कळतंय? दादांनी माफ केलंय म्हणजे मी चुकलेच असणार." त्या दिवसानंतर त्या स्टार्टरवर बसल्याच नाहीत, आणि या महिन्याअखेर त्या काम सोडतायत. घर त्यांच्यावर चालतं, तरी सोडतायत.

आणि दादा. दादा, रागावू नका. पट्टी बांधताना तुम्ही मला म्हणाला होतात, "ताई, मी तोंड उघडलं नाही, पण माझा आवाज मला ऐकू आला. माणूस नकळत बोलतो का हो?" मी म्हटलं, इंजेक्शनचा परिणाम आहे, झोपा. मला खरंच तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत तेच विचारलंत आणि नंतर कधी विचारलं नाहीत. त्यानंतर तुम्ही हळू बोलायला लागलात. माझी समजूत झाली की हाताच्या दुखण्याने असेल.

परवा चहाच्या वेळी मी सहज विचारलं, "समारंभात दादांच्या नकलेचा कार्यक्रम होता ना? त्याचं काय झालं?" टेबलावर तिघं होते. तिघांनीही एकदम आपापल्या कपात बघितलं. एक म्हणाला, "रद्द केला." मी म्हटलं, "का? दादांच्या अपघातापर्यंत तालमी तर जोरात चालल्या होत्या म्हणे." दुसरा म्हणाला, "वेळ नाही." मी विचारलं, "तालीम करत कुठे होतात?" मग तिसऱ्याने सांगितलं, "स्टोअरच्या मागे."

स्टोअरची मागची भिंत म्हणजे काय, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. नुसता पत्रा. पलीकडे टेस्ट शेड, आणि पत्र्याला लागूनच स्टार्टर.

तेव्हापासून मी गोंधळले आहे. मला वाटलं होतं की खरं काय ते कळलं की मोकळं वाटेल. उलटंच झालं. ज्याने कोणी त्या क्षणी "हात बाहेर" म्हटलं, त्याने वाईट काय केलं? दादांना हसवण्यासाठी, त्यांना निरोप द्यायला, तो मन लावून तालीम करत होता. नक्कल वाईट केली असती तर वहिनी फसल्या नसत्या. त्याला शिक्षा व्हावी असं मला वाटतं का? नाही. तो गप्प बसला याचा राग येतो का? येतो. त्याच्या जागी मी बोलले असते का? माहीत नाही. आज या माइकवर मी हे बोलावं की नाही, तेही मला माहीत नव्हतं. इथे उभी राहीपर्यंत माझ्या मनात दादांच्या वक्तशीरपणावरचं भाषण होतं.

मला नाव नको आहे. साहेब, तुम्हीही आज नाव मागू नका, एवढी विनंती करते. फक्त वहिनींना कळू दे की पत्र्यापलीकडे तालीम चालली होती. तेवढं कोणीतरी मान हलवून सांगितलं तरी...

भाऊ? तुम्ही का उठलात? पाणी हवंय का?

बरं. बोला. मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही. भाऊ म्हणतायत, "मी होतो. तेव्हा माझीच पाळी होती."

थांबा, क्रेनवाले मामा, तुम्ही बसा. नाही बसणार? मामा म्हणतायत, "भाऊचं चाललं होतं ते 'हात आत'. 'बाहेर' मी म्हटलं होतं. मला आठवतंय." आता रंगारीदादाही उभे राहिले. अहो, सगळे एकदम बोलू नका, मला काही कळत नाहीये. रंगारीदादा म्हणतायत की ते दोघं दमले होते आणि शेवटचा आवाज त्यांचा होता.

म्हणजे परवाच्या टेबलावरचे तिघंही. मला वाटलं होतं, एकाला माहीत आहे आणि दोघं त्याला सांभाळून घेतायत. प्रत्येकाला तो आपणच होतो असं वाटत होतं? आणि एकमेकांना विचारलंसुद्धा नाही? दादा, हसताय काय? काकू, हे हसतायत की रडतायत, जरा बघा. मला इथून दिसत नाही.

दादा काही म्हणतायत. शांतता ठेवा, त्यांना माइक द्या. नको? बरं, मीच सांगते. दादा म्हणतायत, "वहिनी, तुमचे कान ठणठणीत आहेत. मला तुम्हाला माफ करायचा हक्कच नव्हता. मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय, म्हणून घाईघाईने माफ करून मोकळा झालो."

वहिनी दाराजवळून पुढे आल्या आहेत. वहिनी, राग आला असेल तर खुशाल बोला. त्या या तिघांकडेच बघतायत. हं, त्या म्हणतायत, "सोमवारी मी स्टार्टरवर बसेन. पण यापुढे ज्याने त्याने आपापल्या आवाजात ओरडायचं. दादांच्या आवाजात कोणी ओरडलं तर मी बटण दाबणार नाही आणि कारणही सांगणार नाही."

टाळ्या नंतर वाजवा. उभे आहात ते तिघं आता बसलात तरी चालेल. नसेल बसवत तर राहा उभे.

अध्यक्षमहाराज, मला जेवढा वेळ दिला होता त्याहून जास्त मी घेतला, आणि ज्यासाठी दिला होता ते राहूनच गेलं. पाहुण्यांनी आमच्या घरातलं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचे आभार. दादांचा एकही गुण मी सांगितला नाही, तो दोष माझा. आज मी बरं केलं की वाईट, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही, तेव्हा कोणाचं मन दुखावलं असेल तर चूक पदरात घ्या.

दादांना फुलांचा गुच्छ द्यायचं काम माझ्याकडे होतं. वहिनी, इकडे या. तो तुम्ही द्या. उजव्या हातात द्या, डावा अजून दुखतो.