कपाटाची पाठ

हॅलो? …हॅलो, चिंगे? …हो, मीच. बोल. …नाही, अजून नाही निघाले. …अगं ट्रक कधीचा आलाय, खाली उभा आहे. सगळं चढलं त्यात. भांडी, गाद्या, शिलाई मशीन, सगळं. …पडदे? कसले पडदे? …माझ्या खोलीला? अगं, ते नंतर सांग. आधी माझं ऐक. कपाट अडकलंय.

…कपाट! बाबांनी केलेलं. जिन्यात.

…हस. हस तू. बहीण नवऱ्याचं घर सोडून निघालीय आणि हिला हसू येतंय. …मलाही आलं होतं म्हणा, आधी.

…नाही गं, दारातून सरळ निघालं. दोघं हमाल आहेत. एक पैलवान, एक काडी. पैलवान खालून धरून, काडी वरून. वळणावर आलं आणि बसलं. बाटलीला बूच बसतं तसं. दारं माझ्याकडे, पाठ खालच्या बाजूला. ना खाली जात, ना वर येत.

…सगळं करून झालं! खालच्या मजल्यावरचे मास्तर टेप घेऊन आले. इकडून मोजलं, तिकडून मोजलं, चष्मा पुसला, आणि म्हणतात कसे, हे कपाट या जिन्यातून जाऊच शकत नाही. अहो मास्तर, ते जात नाही हे मला दिसतंय की! …मग त्यांच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, साबण लावा. लावला. आता सगळे घसरतायत, एक कपाट सोडून.

…आणलं होतं बाल्कनीतून. आठवतं ना, दोर लावून, बाबा खालून ओरडतायत, सांभाळा, सांभाळा. आता कुठली बाल्कनी? जाळी ठोकलीय त्याने. …हो, चोरांसाठी. चोर काही कधी आला नाही.

…मी कुठे म्हणजे? मी वरच. …नीट ऐक. मी घराच्या बाजूला, मधे कपाट, बाकी सगळे खाली. काडी फटीतून गेला खाली, पालीसारखा. त्याच्यामागून मी गेले, तर कमरेशी अडकले. …हसू नकोस! मला परत वर ढकलायला पैलवानाने डोकं लावलं, काय सांगू तुला. मग दोघांनी खालून कपाट ओढलं, ते धाडकन एक पायरी खाली बसलं आणि फटच बुजली. आता मांजरसुद्धा जाणार नाही.

…नाही, पडत नाही. दोर बांधलाय कपाटाच्या पोटाला. इकडे कठड्याला गाठ आहे. काडीने जाण्याआधी मारली, साबणाच्या हातानेच. …स्पीकर कुठला चालतो या डबड्याचा! कानाला दाबून धरलाय म्हणून तर ऐकू येतेस.

…अंधार पडल्यावर येतो तो. वेळ आहे अजून.

…'भावजी' काय? भावजी-बिवजी बंद कर आता.

…सोडून दे म्हणजे? कपाट सोडून दे? अगं बाई, मी सोडेन त्याला, ते मला सोडतंय का? तेच तर वाटेत आहे! …नाही, आधीसुद्धा सोडलं नसतं. आठव. जाशील तर अंगावरच्या कपड्यांनिशी जाशील, म्हणाला होता. तुझ्या नवऱ्यासमोर म्हणाला. तुझा नवरा काय करत होता? मान खाली घालून ताट पुसत होता. …राग येऊ दे. खरं आहे ते.

तेव्हाच ठरवलं. जाईन तर कपाट घेऊन जाईन. …मूर्खपणा? असेल. वीस माणसांच्या देखत… थांब.

…थांब जरा. बोलू नकोस.

…स्कूटर. …त्याचीच. सायलेन्सर फुटलाय ना, अख्ख्या गल्लीला कळतं कोण आलं ते. …आत्ता कशी म्हणजे? काकूंनी कळवलं असणार. मघाशी फोन घेऊन आत गेल्या होत्या. चांगुलपणा उतू जातो त्यांचा.

…हो. …हो, ऐकतेय. हळू बोल. …आला. खाली बोलतोय सगळ्यांशी. …नाही गं, ओरडतोय कुठे! किती गोड बोलतोय. 'मला सांगायचं ना, मी सुट्टी घेतली असती.' हसतोय. …मास्तरही हसले. …आता काय म्हणतोय बघ. 'तिची तब्येत बरी नसते हो, मधूनच असं काहीतरी डोक्यात घेते.' …काकू म्हणाल्या, हो ना.

हो ना! माझा फुटलेला ओठ यांनी हळद लावून पुसलाय, चिंगे. आणि म्हणाल्या, हो ना.

…हमालांना म्हणतोय, तुम्ही या आता, घरचं आम्ही बघतो. …पैलवान! अहो पैलवान, जाऊ नका! मी बोलावलंय तुम्हाला, त्यांनी नाही! …अहो!

…गेले.

…काकूंचं दार लागलं. …मास्तरांचं लागलं. कडीसुद्धा घातली. इतकी वर्षं हेच ऐकतेय मी. आधी याचा आवाज चढतो, मग यांच्या कड्या वाजतात. शेजारधर्म म्हणतात याला.

…लाव ना. पोलिसांना लाव. नवऱ्याच्या फोनवरून लाव, हा ठेवू नकोस. …हं. …हं, लागला का? पत्ता सांग. …काय म्हणाला? …कपाट अडकलं असेल तर अग्निशामक दलाला सांगा? …मग त्यांना लाव. …आणि ते? …नवरा-बायकोचं भांडण असेल तर पोलिसांना सांगा. वा. सुटले. एकदा तरी कुणी दोघं या घराबद्दल एकमताने बोलले.

…बोलतोय ना. आता माझ्याशी बोलतोय. कपाटाच्या पलीकडून. 'राणी' म्हणतोय. …अगं राणी म्हणाला की मी आधी दार कुठे आहे ते बघते.

…नाही. वर नाही येऊ शकत. …अगं… अगं चिंगे! नाही येऊ शकत तो! हे आत्ता डोक्यात आलं माझ्या. मघापासून त्या कपाटाला शिव्या घालतेय मी, आणि तेच उभं आहे मधे. बाबांसारखं.

…नाही. बाबा नव्हते उभे राहिले. बाबा म्हणाले होते, जुळवून घे. पण कपाट चांगलं केलं त्यांनी.

…तो? लाथ मारली. …कपाटाच्या पाठीवर. …आणखी एक. …मागची फळी गं. सागवान सगळं पुढे दिसायला, मागे पातळ फळी. आणि तिला ओल लागलेली. …आता राणी नाही. आता त्याचं नेहमीचं सुरू झालं. ऐकू येतंय तुला? …बरंय, नको ऐकूस.

फुटली.

…फळी फुटली. हात घातला. सोलतोय ती, पापुद्रे काढावे तशी. …चिंगे, आत शिरतोय तो. कपाटात शिरतोय.

…नाही, दारं बंद आहेत. कुलूप आहे. किल्ली माझ्या कमरेला. …जाड आहेत दारं. आतून नाही उघडत. …नाही उघडत म्हणजे नाही उघडत, मला विचार!

…आपटलं. डोकं आपटलं त्याचं, हँगरच्या दांड्यावर. तिथे मान वाकवून उभं राहावं लागतं. डावीकडे टेकायचं म्हणजे पाय आखडत नाहीत. त्याला काय माहीत?

…मला कसं माहीत म्हणजे?

…तुझ्या लग्नाला मी आले नव्हते ना? ताप होता म्हणून? …ताप नव्हता, चिंगे. आत होते. भिऊन लपले होते, तर याने बाहेरून किल्ली फिरवली. म्हणाला, शांत बसलीस की उघडेन. बसले मी शांत. आणि हा तुझ्या लग्नात जेवून आला. फोटोत आहे बघ, तुझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा. …जेवून आला, मग उघडलं.

…रडू नकोस. आता रडून काय? …नाही, नव्हतं सांगायचं मला. तुझं लग्न होतं ते.

…थांब. कपाट हललं.

…हललं गं. चरचरलं. बाबा काय म्हणायचे, आठवतं? दारं शोभेला, पाठ ताकदीला. पाठ काढली की कपाट लुळं पडतं. …तसंच झालंय. सगळे सांधे सैल पडलेत. भिंतीला रुतलेला कोपरा सुटला. आता फक्त दोरावर आहे. कपाट, आणि आत तो.

…त्यालाही कळलंय. थांबला. हलत नाही आता. …बाहेर कसा जाईल? वाकडं झालंय ना, फळीच्या तुकड्यात कंबर अडकली म्हणतोय. माझीच जागा बरी होती, निदान कुणी डोकं लावून ढकललं.

…काय म्हणतोय? …'उघड' नाही म्हणत. 'दोर धर' म्हणतोय.

…गाठ सरकतेय, चिंगे. साबण आहे ना तिला. एकेक पीळ सुटतोय.

…धरता येईल. धरता येईल ना. वजन पायऱ्यांवर बरंच आहे अजून. पाय कठड्याला लावले आणि दोन्ही हातांनी ओढलं तर थांबेल, कुणी येईपर्यंत. …हो, दोन्ही हातांनी. एका हाताने नाही व्हायचं. फोन ठेवावा लागेल.

…शांत बसा! …तुला नाही गं. …अहो, शांत बसा आत! शांत बसलात की उघडेन.

…नाही चिंगे, मी काही करत नाहीये. हात पण लावलेला नाही. माझी मी पायरीवर बसलेय, तुझ्याशी बोलतेय. गाठ तिची ती सुटतेय. …खाली कोण असणार? कुणी नाही. जिना मोकळा आहे. सगळ्यांनी कड्या घातल्यात ना.

…तू सांग. तू सांगशील तसं. ठेवू फोन?

…ठेवू का, सांग.

…चिंगे?

…ऐकू येतंय ना तुला? आहेस ना? श्वास ऐकू येतोय तुझा. …सांग ना. तू म्हण 'ठेव', की लगेच ठेवते.

…हं.

…बरं.

…बरं, मग ते पडद्यांचं काय म्हणत होतीस? …मघाशी गं, सुरुवातीला. माझ्या खोलीला पडदे लावलेस म्हणालीस. …नाही, आत्ताच सांग. सावकाश सांग. रंग कुठला? …फिकट हिरवा. छान. …आणि खिडकीला जाळी आहे का? …नाही ना? बरं झालं. …खालपर्यंत येतात का पडदे, की मधेच…

…हॅलो? …आवाज? कसला आवाज?

…नाही गं. इकडे आता कसलाच आवाज नाही.