डोक्यावर हात

हॅलो?… कोण, शायजा? अगं रडू नकोस, नीट बोल… काय झालं तुंबीला?… काजूच्या बागेत? एकटीच?… डबा? कसला डबा?

स्टीलचा. झाकणाला टेप.

शायजा, थांब! आहेस तिथंच थांब, एक पाऊल पुढं टाकू नकोस… हो, हो, तुझीच पोर आहे, माहीत आहे मला! ऐक ना बाई! माझ्या धाकट्या भावाचा पंजा असल्याच डब्यानं नेला. तो बॉम्ब आहे, शायजा. परवा पार्ट्यांच्या मारामारीत देवळाच्या पटांगणात फुटले, तसलाच कुणीतरी लपवलेला असणार…

तिनं हात लावला?… नाही? मग करतेय काय?… डोक्यावर हात ठेवून बसलीय? गाणं म्हणतेय?

देवा रे! अगं, तो आमचा अंगणवाडीतला खेळ! डब्यात गूळ लावलेले केळ्याचे काप, मुलं भोवती बसलेली. हत्तीचं गाणं पुरं होईस्तोवर कुणी हात लावायचा नाही… हो, स्टीलचाच डबा ठेवते मी! आग लागो माझ्या अकलेला… आणि गाणं संपलं की झाकण उघडायचं. हो. तेच तर सांगतेय!

नाही, धावू नकोस! तुला बघून तिला वाटेल, आई खाऊ हिसकावणार, नि ती आधी झडप घालेल. पहिल्या दिवशी डबाच पालथा केला होता तिनं. जरा म्हणून दम निघायचा नाही पोरीला. रोज खेळून खेळून आता कुठं मन आवरतं तिला…

कुठवर आलंय गाणं?… हत्ती कान धुतोय? म्हणजे शेपूट राहिलंय. स्पीकर लाव. बागेच्या दगडी गडग्याआडूनच फोन धर, आवाज मोठा कर.

तुंबी! कोण बोलतंय, ओळख!… टीचरच! शाबास! हात कुठं आहेत?… वा गं माझी राणी! आता ऐक हं, आज नियम बदलला. शेपूट संपलं की डबा उघडायचा नाही… नाही ना, आज वेगळा खेळ. आज खेकडा व्हायचं! मागं मागं चालणारा खेकडा. हात डोक्यावरच… खाऊ? खाऊ टीचरकडं आहे, डब्यात नाही… हो, दोन काप… बरं बाई, तीन! चल… डब्याकडं बघू नकोस, माझा आवाज ऐक… मागं… आणखी मागं…

शायजा? आली?… धरलीस? घट्ट धर. रड आता, रड पोटभर. पण दोघी गडग्यामागंच बसा. मी पोलिसांना कळवते…

नको? का नको?… शायजा, कुणी ठेवला तो डबा?

सुजितनं?… तुझ्या नवऱ्यानं? पोटची पोर खेळते त्या बागेत! हात कसे झडले नाहीत मेल्याचे!

काय?… तो आलाय तिथं? विहिरीत टाकतो म्हणतोय, पोलीस यायच्या आत? अगं अडव त्याला! स्पीकर चालू आहे ना?… सुजित! हात लावू नकोस! ‘डोक्यावर हात ठेवायला शिकवता होय अंगणवाडीत’ म्हणून हसायचास ना मला? तेवढंच कर आता! चार वर्षांच्या पोरीला जमलं रे! ठेव… ठेव खाली… सुजित!

…

इथवर ऐकू आला. खिडक्या हादरल्या माझ्या. शायजा! हॅलो? शायजा, बोल गं! हॅलो!

…कोण? तुंबी? बाळा, फोन तुझ्याकडं? लागलं का तुला कुठं?… नाही ना? आई कुठाय?… बाबांकडं पळाली. तू गडग्यामागंच बस, हलू नकोस… काय?… बाबांचा हात?… नको, नको, तिकडं बघू नकोस! खेळ चालू आहे अजून. डोळे मीट. एक हात डोक्यावर, एक फोनला. गाणं म्हण, अगदी पहिल्यापासून, मोठ्यानं…

संपलं तर? संपलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी येईस्तोवर… हो, काप घेऊन येते. निघालेच मी. म्हण… ‘हत्ती आला नदीवर’… हो, म्हण…